नाताळचं झाड: पोटमाळ्यावरून उतरवण्यापासून परत ठेवेपर्यंत

“अरे, या झाडाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात बघ,” बेळगावच्या कॅम्पातल्या एका आंटींनी मला सांगितलं. मी त्यांच्याकडे पंख्याचा रेग्युलेटर बदलायला गेलो होतो. नाताळ चार दिवसांवर आला होता. हॉलच्या कोपऱ्यात सहा फुटी प्लास्टिकचं झाड होतं, त्यावर तीन माळा लुकलुकत होत्या आणि आंटींचा दोन वर्षांचा नातू अनवाणी पायांनी झाडाभोवती फेऱ्या मारत होता. आंटींना वाटत होतं, प्लास्टिकची पानं टोचत असतील. मी टेस्टर काढून झाडाच्या लोखंडी खांबाला टेकवला. टेस्टर पेटला.

आधी प्लग उपसला, मग कारण शोधलं. या झाडांच्या फांद्या छत्रीच्या काड्यांसारख्या मिटतात. त्यासाठी प्रत्येक फांदीच्या बुडाशी लोखंडी बिजागरी असते. गेल्या वर्षी घाईत माळा न काढताच झाड मिटून ठेवलं होतं. एक वायर बिजागरीत चेमटली, वरचं प्लास्टिक फाटलं आणि आतली तार खांबाला लागली. आंटींच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागलं. नातवाच्या पायात काहीच नव्हतं.

बेळगाव शहरात आणि खानापूर तालुक्यात मी बावीस वर्षं घरांचं वायरिंग करतोय. डिसेंबरात कॅम्पातल्या आणि नंदगडकडच्या ख्रिस्ती घरांतून बोलावणी येतात. हल्ली टिळकवाडी, शहापूर, वडगावातही मुलांच्या हौसेसाठी झाड लावतात. फार आनंदाचं काम आहे हे, आणि कुणी भीतीनं झाड लावायचं सोडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नाताळचे बहुतेक धोके पोटमाळ्यावरच्या खोक्यात वर्षभर तयार होत असतात आणि डिसेंबरात झाडाबरोबर खाली उतरतात. म्हणून तपासणीची सुरुवात खोक्यापासूनच करायची.

खोकं अंगणात उघडा

पोटमाळ्यावर चढायला प्लास्टिकचं स्टूल किंवा खुर्चीवर खुर्ची नको. घरात शिडी नसेल तर शेजाऱ्याची आणा. एकानं खाली धरायची, दुसऱ्यानं चढायचं. हात एका वेळी एकाच कामाला हवेत, म्हणून खोकं दोरीनं खाली सोडा. सजावटीच्या दिवसांत माणसं जितकी पडून जखमी होतात तितकी विजेनं होत नाहीत.

खोकं हॉलमध्ये उघडू नका. अंगणात, गच्चीवर, निदान गॅलरीत उघडा. पायात बूट घाला. खानापूर, जांबोटीकडच्या कौलारू घरांत पोटमाळ्यावरच्या खोक्यात विंचू निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही. आत सरळ हात घालू नका. खोकं आडवं करून सामान जमिनीवर ओता.

उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या केरसुणीनं झाडू नका, धूळ उडून छातीत जाते. नाकातोंडाला फडकं बांधा, लेंड्यांवर ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा आणि मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. उंदीर येऊन गेला असेल तर माळांच्या वायरी त्यानं कुरतडल्या आहेत असं धरूनच पुढची तपासणी करा.

यानंतर बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाची झड असते आणि खानापूरच्या पश्चिम भागात तर भिंतींनाही पाझर फुटतो. पुठ्ठ्याचं खोकं ओल पिऊन घेतं आणि आत झाडावर करडी, हिरवट बुरशी धरते. डोळ्यांना ती धुळीसारखीच दिसते. वास घेऊन बघा: कुबट वास आला की बुरशी आहे. घरात दम्याचं माणूस असेल तर झाड लावल्यापासून दोन-चार दिवसांत त्याला शिंका आणि खोकला सुरू होतो, आणि सगळे थंडीला दोष देतात. प्लास्टिकचं झाड असेल तर माळा आणि बॅटरीवरची शोभा काढून घ्या, फांद्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. डिसेंबरातली आपली कोरडी हवा या कामाला उत्तम. सकाळी पुसलेलं झाड संध्याकाळी वाळतं. ओलसर झाडावर माळा चढवू नका.

झाड फार जुनं असेल, पानं कडक होऊन हात लावताच भुरभुर गळत असतील, तर एक कठीण निर्णय घ्यावा लागतो. ही पानं पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक टिकावं म्हणून त्यात पूर्वी सर्रास शिशाचे क्षार मिसळत. प्लास्टिक कुजलं की ते शिसं बारीक धुळीत उतरतं, धूळ फरशीवर पडते आणि रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. शिसं लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला बाधतं आणि त्याची बाहेरून खूण दिसत नाही. वडिलांनी किंवा आजोबांनी आणलेलं झाड टाकवत नाही, हे मला कळतं. त्याचा वरचा तारा, एखादा जुना गोळा जपून ठेवा. भुरभुरणारं झाड मात्र घरात लावू नका. माळांच्या वायरींचं प्लास्टिकही त्याच जातीचं असतं, म्हणून झाड सजवून झालं की लहानमोठ्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे आणि मगच कुलकुलच्या, म्हणजे नाताळच्या गोड फराळाच्या, डब्याला हात लावायचा.

माळा: इथे घाई नको

माझ्या दृष्टीनं लेखातला महत्त्वाचा भाग हाच. प्रत्येक माळ फरशीवर सरळ पसरा. प्लगमध्ये घालू नका. दिवसाच्या उजेडात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वायर दोन बोटांतून सरकवत न्या. वायर कुठे खरबरीत लागते, कुठे चपटी झालीये, कुठे तांबं चमकतंय, कुठे बल्बच्या बुडाशी प्लास्टिक काळं पडलंय, हे बघा. यातलं काहीही सापडलं तर माळ बाद. पन्नास-शंभर रुपयांच्या माळेला जोड मारत बसण्यात अर्थ नाही. सेलोटेप ही इन्सुलेशन टेप नव्हे, आणि इन्सुलेशन टेपचाही गोंद वर्षभरात सुटतो.

“एलईडी माळ आहे, हिला कसला शॉक,” असं लोक म्हणतात. हा गैरसमज फार पसरलाय. एलईडी कमी वीज खातो, कमी तापतो, हे खरं. पण बाजारातल्या स्वस्त माळांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एलईडी एकामागोमाग ओवलेले असतात आणि माळेची वायर थेट घरातल्या २३० व्होल्टला जोडलेली असते. तार उघडी पडली तर तिथे मिक्सरच्या वायरीइतकाच जीवघेणा दाब असतो. ज्या माळेला प्लगपाशी अॅडाप्टर असतो आणि पुढे १२ किंवा २४ व्होल्टच जातात, ती माळ महाग असते. पण घरात लहान मूल असेल तर तीच घ्या.

बल्बच्या जुन्या माळांत आणखी एक गोष्ट घडते. सहा व्होल्टचे साधारण ३८ बल्ब ओवले की २३० व्होल्टची वाटणी बरोबर होते. एखादा बल्ब गेला की आपण तो कापतो, दोन टोकं पिळतो आणि माळ पुन्हा चालू होते. असे पाच बल्ब कापले की उरलेल्या ३३ बल्बांच्या वाट्याला सहाऐवजी सात व्होल्ट येतात. माळ जास्त झगमगते, आपण खूश होतो. प्रत्यक्षात प्रत्येक बल्ब जास्त तापत असतो, पुढचा बल्ब लवकर जातो, तो कापला की उरलेल्यांवर आणखी भार येतो. दरवर्षी उजळ होत चाललेली माळ ही आगीच्या दिशेनं चाललेली माळ आहे, आणि ती कापसाला टेकलेली असेल तर आणखीच. माझं मत विचाराल तर बल्बच्या माळा आता लावूच नयेत.

माळेवर चमकण्याची तऱ्हा बदलायची एक छोटी डबी असते. तिच्या बटणानं माळ बंद केली की लोकांना वाटतं, वीज गेली. डबी दोनपैकी एकच वायर तोडते. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो, त्यामुळे तुटलेली वायर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी, असू शकते. अशा वेळी माळ विझलेली दिसते आणि फेज, म्हणजे शॉक देणारा विजेचा दाब, मात्र तिच्यात तसाच खेळत असतो. म्हणून बल्ब हलवायचा असो, फांदी सरळ करायची असो, आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच झाडाला हात.

नवी माळ घ्यायची असेल तर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक बघा. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत दिवाळीनंतर उरलेल्या माळा स्वस्तात मिळतात, त्यांवर काहीच छापलेलं नसतं. दुकानदाराला माळ पूर्ण उलगडून दाखवायला सांगा. प्लगची पीन हलवून बघा. डुगडुगली तर परत द्या.

तपासून झालेली माळ झाडावर चढवण्याआधी फरशीवरच अर्धा तास लावून ठेवा आणि जवळ बसून राहा. अर्ध्या तासानं प्लग आणि डबी यांना कोरड्या हाताची पालथी बाजू लावा. कोमट असेल तर चालेल, हात मागे घ्यावासा वाटला तर ती माळ बाद. झाडावर चढवताना माळ बिजागरीपासून लांब, फांदीच्या मधल्या भागावरून न्या. बांधायला सुतळी किंवा लोकरीचा धागा घ्या. बाइंडिंगची तार आणि खिळे अजिबात नकोत.

सगळं झाल्यावर माळा लावून, झाडाला हात न लावता, खांबाला टेस्टर टेकवा. पेटला तर प्लग उपसा आणि वायरमनला बोलवा. पेटला नाही तर सगळं ठीक आहे असं मात्र समजू नका. कोरड्या फरशीवर रबरी चप्पल घालून उभ्या माणसाच्या हातात टेस्टर कधी कधी पेटतच नाही. खरं रक्षण करते ती आरसीसीबी.

तेव्हा तिच्याबद्दल दोन शब्द सांगतोच. घरातली एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा खटका, वायरिंगला वाचवते, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून वीज जमिनीकडे जायला लागली तर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. आजच जाऊन ते दाबा. खटका पडला तर आरसीसीबी जिवंत आहे. पडला नाही किंवा तुमच्या बोर्डावर असं काही नाहीच, तर नाताळच्या खरेदीतला पहिला खर्च हा करा. दोन्ही वायरी दोन हातांत धरणाऱ्याला मात्र आरसीसीबीही वाचवू शकत नाही, म्हणून वायर तपासण्याचं काम सुटत नाही. खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरांत अजून लाकडी बोर्ड आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत, आणि फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तांब्याची तार घातलेली असते. तिथे वायर जळून जाईल, फ्यूज जाणार नाही. अशा घरात आधी फ्यूज दुरुस्त करून घ्या आणि मगच झाड लावा.

झाडाची जागा

दारासमोर किंवा जिन्याच्या तोंडाशी झाड नको. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. खिडकीच्या पडद्यापासून, देवाच्या समईपासून, आल्तारावरच्या (घरातल्या वेदीवरच्या) मेणबत्तीपासून झाड निदान तीन फूट लांब हवं. झाडाचा वरचा भाग नायलॉनच्या दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून टाका. मूल लोंबकळलं, मांजर चढली तरी झाड कोसळणार नाही.

वीज शक्यतो भिंतीवरच्या सॉकेटमधून थेट घ्या. एक्स्टेंशन बोर्ड लागलाच तर तो गालिच्याखाली, सोफ्याखाली दडपू नका. माळांचा भार किरकोळ असतो, घोटाळा होतो तो त्याच बोर्डात बाकीच्या वस्तू लावल्यानं. बेळगावात डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात, पाहुणे आलेले असतात, कुणीतरी २००० वॅटचा हीटर झाडाच्या बोर्डात लावतं. तो साडेआठ अँपियरच्या वर वीज ओढतो आणि साधं सॉकेट सहा अँपियरचं असतं. प्लास्टिक वितळल्याचा वास येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. झाडाच्या बोर्डावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा: फक्त माळा.

ओसरीवरच्या चांदणीसाठी घरातली माळ वापरू नका. पहाटेचं दव होल्डरमध्ये उतरतं. बाहेरच्या माळेवर ‘आयपी ४४’ किंवा त्याहून वरचा, पाण्यापासून बचाव सांगणारा आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या. वायर खिडकीच्या फटीतून चेमटवत नेऊ नका आणि गॅलरीच्या लोखंडी कठड्याला गुंडाळू नका.

सुरूची फांदी आणली असेल तर

विलायती पाइन आपल्याकडे नाही, म्हणून अनेक घरांत सुरूची फांदी आणतात. मला स्वतःला तिचा वास आणि तिची सळसळ प्लास्टिकपेक्षा फार आवडते. पण सुरूचा स्वभाव ओळखून असलेलं बरं. हे उत्तम सरपण आहे. याचं लाकूड ओलसर असतानाही पेटतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं केलेल्या चाचण्यांत वाळलेल्या पाइनच्या झाडानं मिनिटाच्या आत खोली पेटवली, तर नीट पाणी दिलेल्या झाडावर ज्वाळा टिकल्या नाहीत. सुरू पाण्यात ठेवून इतकं निर्धास्त होता येणार नाही, तरी ओली फांदी वाळलेल्या फांदीपेक्षा कितीतरी बरी.

फांदी नाताळच्या तीन-चार दिवस आधीच आणा, पंधरा दिवस आधी नको. जंगलातून तोडू नका. शेताच्या बांधावरची, मालकाला विचारून घ्या. अंगणात दोन-चारदा जोरात झटका, म्हणजे लाल मुंग्या आणि कोळी बाहेरच पडतील. बुडाशी करवतीनं दीड-दोन बोटं तुकडा कापून टाका, कारण जुनं तोंड चिकानं बंद झालेलं असतं आणि पाणी ओढत नाही. लगेच बादलीत उभी करा. आजूबाजूला विटा लावून, वाळू भरून घट्ट करा आणि वाळू रोज भिजवा. साधं पाणी पुरतं. साखर, अॅस्पिरिन वगैरे काही घालायची गरज नाही.

आणि डासांचं बघा. बादलीत वाळूवर पाणी तरंगत राहिलं तर डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी ते पिलू, पिलू ते डास, सगळं झाडाच्या बुडाशी, घराच्या आतच होतं. पाणी वाळूच्या वर दिसता कामा नये. नुसत्या पाण्याची बादली असेल तर दर चार दिवसांनी पाणी ओतून बादलीची आतली बाजू घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

खऱ्या फांदीवरही बुरशी असते आणि बंद, उबदार खोलीत ती वाढते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या, २००७ साली मांडलेल्या एका अभ्यासात घरात नाताळचं झाड ठेवून हवेतले बुरशीचे बीजाणू मोजले होते. पहिले तीन दिवस घनमीटरमागे सुमारे ८०० निघाले, चौदाव्या दिवशी ५०००. ते झाड आपलं सुरू नव्हे, पण दम्याच्या माणसाच्या खोलीत फांदी ठेवू नये आणि फार दिवस ठेवू नये, इतकं त्यातून घ्यायला हरकत नाही.

फांदीची पानं कोरडी होऊन हात फिरवताच गळू लागली की तिच्यावरच्या माळा त्याच दिवशी उतरवा. दरवर्षीचा हा खटाटोप टाळायचा असेल तर रोपवाटिकेतून कुंडीतलं अरोकेरिया किंवा मोरपंखी आणा. वर्षभर अंगणात वाढतं, आठवडाभर घरात येतं. जिवंत झाड सगळ्यांत कमी धोक्याचं, असं माझं ठाम मत आहे.

कापूस, थर्माकोल, पिंजर

झाडाशेजारची गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, हा नाताळचा जीव. नाचणी पेरून हिरवं तृण उगवतात, भाताचं पिंजर अंथरतात, थर्माकोलची घरं करतात आणि बर्फ म्हणून सगळ्यावर कापूस पसरतात. त्यातच मध्ये बाळ येशूच्या डोक्यावर एक बल्ब लोंबत असतो. या मांडणीत एक ठिणगी पुरते. पिंजलेला कापूस ज्या वेगानं पेटतो तो ज्यानं बघितलाय, तो पुन्हा झाडावर कापूस घालणार नाही. थर्माकोल वितळून जळत्या थेंबांनी खाली पडतो आणि काळा धूर करतो.

कापूस झाडावर आणि गव्हाणीत दोन्हीकडे बंद करा. गव्हाणीच्या जमिनीवर बर्फाऐवजी पांढरी रांगोळी भुरभुरवा. थर्माकोलऐवजी मातीची घरं करा. मुलांना चिखलात हात घालायला दिले की त्यांचा अख्खा रविवार आनंदात जातो. पिंजरावर हलकं पाणी शिंपडायचं असेल तर माळा लावायच्या आधी, आणि पूर्ण निथळू द्या. गव्हाणीतला दिवा कमी व्होल्टचा एलईडीच असावा. खरी मेणबत्ती लावायचीच तर वेगळ्या जागी, पितळी ताटलीत, माणूस समोर असताना. बर्फाचा फवारा मारायचा डबा मिळतो, त्यातला वायू पेट घेणारा असतो. मेणबत्ती किंवा गॅस चालू असलेल्या खोलीत तो मारू नका.

लहान मुलांच्या उंचीवरून बघा

गुडघ्यांवर बसा आणि झाड तिथून बघा. मुलाच्या हाताला काय काय लागतं ते तेव्हाच कळतं.

पहिली शोधायची ती बटणासारखी चपटी बॅटरी. गाणारं शुभेच्छापत्र, लुकलुकणारी टोपी, खोटी मेणबत्ती, माळेचा रिमोट, सगळ्यांत ती असते. वीस मिलिमीटरची बॅटरी मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळते. ओरखडा दिसत नाही, मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळतं, खात नाही, खोकतं. संशय आला की उलटी करवू नका, खायला देऊ नका, थेट एक्स-रे असलेल्या मोठ्या रुग्णालयात चला. अपवाद फक्त मधाचा: मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळू शकत असेल आणि बॅटरी गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी चहाचे दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं जाळणं मंदावतं. मध शोधण्यासाठी मात्र एक मिनिटही थांबू नका. बॅटरीच्या डबीला स्क्रू नसेल ती वस्तू मूल असलेल्या घरात आणूच नका.

दुसरी गुंज. गव्हाणीतल्या पाखरांना डोळे म्हणून, झाडावरच्या हारात लाल-काळ्या गुंजा ओवतात. सुईनं भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज अत्यंत विषारी असते. त्याऐवजी मणी ओवा. लोक घाबरतात ते लाल पानांच्या पॉइन्सेटियाला, पण त्याच्या चिकानं फार तर तोंड चुरचुरतं, पोट बिघडतं. अंगणातली कण्हेर मात्र सजावटीला तोडून आणू नका. तिचा प्रत्येक भाग हृदयाला घातक आहे.

काचेचे गोळे वरच्या फांद्यांना, कापडाचे आणि कागदाचे खालच्या. गोळा फुटलाच तर मोठे तुकडे उचलून झाल्यावर फरशीवर कणकेचा ओला गोळा फिरवा, केरसुणीला न सापडणाऱ्या काचा त्याला चिकटतात. ती कणीक लगेच कागदात गुंडाळून टाका, कुत्र्याला मिळता कामा नये.

रात्र, मध्यरात्रीची मिस्सा आणि ३१ डिसेंबर

सगळं घर मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जातं आणि झाड रिकाम्या घरात लुकलुकत राहतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून छान दिसतं म्हणून. तसं नको. घर सोडताना आणि झोपताना प्लग उपसायचा, आणि हे काम घरातल्या एकाच माणसावर सोपवायचं. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.

आग लागलीच तर: आधी मेन बंद. वीज चालू असताना पाणी मारायचं नाही. ज्वाळा हाताएवढी असेल तर जाड ओलं घोंगडं किंवा वाळू टाका. झाडाच्या वरपर्यंत गेली तर झाडाचा नाद सोडा, माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि ११२ किंवा १०१ ला फोन करा. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते, दोन श्वासांत घसा आवळतो. शॉक लागून कुणी चिकटलं असेल तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं वायर दूर करा, मग १०८ ला फोन.

बेळगावचा ३१ डिसेंबर वेगळाच असतो. मध्यरात्री गल्लीगल्लीत ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळतात, फटाके उडतात, ठिणग्या गॅलरीपर्यंत येतात. गॅलरीत सहा दिवस वाळलेली सुरूची फांदी असेल तर ती संध्याकाळीच काढा. पोरं ती ओल्ड मॅनमध्ये घालायला मागतात. पेटती सुरू फटफट उडते, म्हणून तुकडे करून मोठ्या माणसानंच टाकावी. जुनं प्लास्टिकचं झाड मात्र तिथे कधीच जाळू नका. त्या विस्तवाभोवती अख्ख्या गल्लीची पोरं उभी असतात आणि तो धूर त्यांच्या छातीत जातो. ते सुक्या कचऱ्याच्या गाडीतच द्यायचं.

परत ठेवताना

सणाचा शीण आलेला असतो, शाळा सुरू होतात, आणि झाड कसंतरी मिटून वर फेकलं जातं. कृपा करून हे काम दोन जणांनी दिवसा करा. पहिल्यांदा माळा उतरवा. फांद्या मिटण्याआधी सगळ्या माळा निघाल्या आहेत ना, हे मोजून बघा. माळ कोपर आणि अंगठ्याभोवती ताणून गुंडाळू नका, त्यानं आतली तार तुटते. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सैल गुंडाळा. सगळ्या बॅटऱ्या काढा. पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाड पूर्ण कोरडं असल्याची खात्री करा. डांबरगोळ्या घालू नका: लहान मुलांना त्या पेपरमिंटसारख्या दिसतात, आणि काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. त्याऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा.

डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहा: झाड कोणत्या साली घेतलं, किती माळा आत आहेत, कोणती बाद केली. आंटींच्या डब्यावर मीच लिहून आलोय. बिजागरीत चेमटलेली ती माळ मी त्यांच्यासमोर पक्कडीनं चार ठिकाणी कापली आणि प्लगही तोडला, कारण अख्खी माळ कचऱ्यात टाकली तर ती कुणीतरी उचलून पुन्हा घरात लावतं.